लॉगिनमधला कॅपिटल-स्मॉलचा घोळ : डेटाबेसमध्ये नेमकं काय बदलायचं

युजरनेम नोंदवताना इंग्रजीत 'सुनीता' लिहिलं, पहिला एस कॅपिटल. लॉगिन करताना सगळी अक्षरं स्मॉल टाकली, तरी दार उघडलं. कॅप्स लॉक चालू ठेवून टाकलं, तरीही उघडलं. जुन्या पद्धतीच्या साइटवर पासवर्डचंही हेच होतं. पीएचपीचा किंवा पायथनचा कोड चार वेळा तपासूनही चूक सापडत नाही, कारण ती तिथे नसतेच. तुलना डेटाबेस करतो, आणि कोणती दोन अक्षरं सारखी मानायची हे त्या कॉलमचं कोलेशन ठरवतं.

पुढच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या नेहमीच्या इंग्रजी अक्षरांतच द्यायच्या. टेबलचं नाव 'युजर्स' आणि कॉलमचं 'युजरनेम' धरलं आहे.

आधी कॉलम बघा

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये 'शो फुल कॉलम्स फ्रॉम युजर्स' ही आज्ञा द्या. उत्तरात प्रत्येक कॉलमपुढे कोलेशनचं नाव दिसेल. त्या नावाच्या शेपटीकडे लक्ष द्या. शेवटी 'सीआय' असेल तर कॅपिटल-स्मॉल एकच मानलं जातं. 'सीएस' असेल तर वेगळं मानलं जातं. 'बिन' असेल तर अक्षराचा कोड जसाच्या तसा जुळायला हवा. मध्ये 'एआय' दिसला तर डोक्यावर रेघ असलेलं फ्रेंच 'ई' आणि साधं 'ई' यांतही फरक धरला जात नाही, 'एएस' असेल तर धरला जातो.

मायएसक्यूएल ८.० पासून मुळातलं कोलेशन 'यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय' आहे. म्हणजे काहीही न सांगता टेबल बनवलं तर केस (म्हणजे कॅपिटल-स्मॉलचा फरक) आणि रेघ, दोन्ही दुर्लक्षित. त्याआधीच्या आवृत्त्यांत 'लॅटिन१_स्वीडिश_सीआय' मुळातलं होतं. शेपटी तिथेही सीआयच. त्यामुळे सर्व्हर अपग्रेड करून हा प्रश्न सुटत नाही. शिवाय अपग्रेडनंतर जुन्या कॉलमचं जुनं कोलेशन तसंच राहतं.

अनेक जण तपासणीसाठी नुसतं 'सिलेक्ट', मग कोटमध्ये स्मॉल ए, बरोबरचं चिन्ह आणि कोटमध्ये कॅपिटल ए असं करून बघतात. त्यातून निघणारं उत्तर कनेक्शनच्या कोलेशनचं असतं, कॉलमचं नाही. कॉलमचं वेगळं असू शकतं, म्हणून या चाचणीवर विसंबू नका.

पासवर्डची तुलना क्वेरीत नकोच

जुन्या कोडमध्ये एक ओळ हमखास सापडते : सिलेक्ट स्टार फ्रॉम युजर्स व्हेअर युजरनेम इतकं अँड पासवर्ड इतका. पासवर्ड साध्या मजकुरात ठेवलेला असेल आणि कॉलम सीआय असेल, तर या ओळीमुळे पासवर्डमधला कॅपिटल-स्मॉलचा फरक पूर्णपणे वाया जातो. केवळ अक्षरांचा ८ अक्षरी पासवर्ड घेतला, तर ५२ ऐवजी २६ अक्षरांतूनच अंदाज करायचा राहतो आणि शक्यता २५६ पटींनी घटतात.

या ओळीला तंतोतंत तुलना करायला लावणारा 'बायनरी' शब्द लावून केसचा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. तो उपाय करू नका. पासवर्ड साध्या मजकुरात आहे, ही त्याहून मोठी चूक तशीच राहते. योग्य रीत अशी, की क्वेरीत फक्त युजरनेमने ओळ शोधायची, त्या ओळीतला हॅश (पासवर्डपासून बनवलेली, उलटी फिरवता न येणारी अक्षरमाळ) आणायचा आणि पडताळणी कोडमध्ये करायची. पीएचपीत यासाठी 'पासवर्ड_हॅश' आणि 'पासवर्ड_व्हेरिफाय' ही दोन फंक्शन ५.५ आवृत्तीपासून आहेत. एकही अक्षर लहानाचं मोठं झालं तर हॅश पूर्ण बदलतो, त्यामुळे पासवर्ड आपोआप केस-सेन्सिटिव्ह होतो. डेटाबेसमध्ये त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

हॅशच्या कॉलमची लांबी २५५ ठेवा. बीक्रिप्ट या हॅश बनवण्याच्या पद्धतीचा हॅश ६० अक्षरांचा असतो. जुन्या पासवर्ड कॉलमची लांबी ५० असेल आणि मायएसक्यूएलचा स्ट्रिक्ट मोड (न मावणारा मजकूर नाकारणारी सेटिंग) बंद असेल, तर हॅश मुकाट्याने कापला जातो. नोंदणी यशस्वी दिसते, लॉगिन मात्र कुणाचंच होत नाही. 'पासवर्ड बरोबर टाकतोय तरी चालत नाही' अशी सर्वांची एकदम तक्रार आली, की पहिल्यांदा कॉलमची लांबी बघा.

हॅश करण्याआधी पासवर्ड स्मॉल अक्षरांत बदलायचा नाही आणि त्याच्या पुढची-मागची स्पेस ट्रिमही करायची नाही. माणसाने जे टाकलं तेच हॅशमध्ये जाऊ द्या. देवनागरी पासवर्ड ठेवणाऱ्यांसाठी एक मर्यादा इथेच सांगायला हवी. बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच विचारात घेतो, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे २४ चिन्हांनंतरचं काही मोजलंच जात नाही. त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं असतात. 'महाराष्ट्र' हा एकच शब्द १० चिन्हांचा आहे. लांबलचक मराठी वाक्य पासवर्ड म्हणून ठेवलं, तर त्याचं शेपूट काहीही टाकलं तरी चालेल अशी स्थिती येते. अशा साइटवर आर्गॉन२ ही दुसरी हॅश पद्धत वापरा, त्याला ही ७२ बाइटची अट नाही.

युजरनेम : दोन वेगळे प्रश्न

इथे बहुतेकांची गल्लत होते. 'युजरनेम केस-सेन्सिटिव्ह करायचं' या एका वाक्यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली म्हणजे लॉगिन करताना नाव तंतोतंत जुळायला हवं का? दुसरी म्हणजे नोंदणी करताना फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक असलेली दोन नावं चालवून घ्यायची का?

पहिल्याचं उत्तर हो किंवा नाही, काहीही असू शकतं. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असंच असायला हवं. सगळी अक्षरं स्मॉल असलेलं 'अ‍ॅडमिन' तुमचं असेल आणि कॅपिटल ए असलेलं 'अ‍ॅडमिन' कुणीही घेऊ शकत असेल, तर त्या नावाने आलेला संदेश इतर सदस्य खरा धरतील. म्हणून लॉगिन कडक असलं तरी नोंदणीचं वेगळेपण सैल नियमानेच तपासायचं. उलटं कधीही होऊ देऊ नका. नोंदणीत तंतोतंत तुलना आणि लॉगिनमध्ये सैल तुलना असेल, तर एका नावाला दोन ओळी सापडतात आणि क्वेरी जी पहिली देईल तिच्या हॅशशी पडताळणी होते. पासवर्ड रिसेटच्या पानावर हाच प्रकार झाला तर लिंक एकाच्या खात्याची आणि ईमेल दुसऱ्याचा, असंही घडू शकतं.

सर्वात कमी तोडफोडीची कृती

कॉलम सीआयच राहू द्या आणि युजरनेमवर युनिक इंडेक्स (एकच नाव दोनदा येऊ न देणारी सूची) असल्याची खात्री करा. नसेल तर आत्ता घाला. त्यामुळे नोंदणीचा सैल नियम डेटाबेस स्वतः पाळतो. मग लॉगिनची क्वेरी अशी ठेवा : सिलेक्ट आयडी, युजरनेम, पासवर्ड_हॅश फ्रॉम युजर्स व्हेअर युजरनेम बरोबर प्रश्नचिन्ह. हे प्रश्नचिन्ह म्हणजे प्रीपेअर्ड स्टेटमेंटमधली जागा. माणसाने टाकलेला मजकूर क्वेरीत थेट जोडायचा नाही. ओळ सापडली, की तिच्यातलं युजरनेम आणि माणसाने टाकलेलं युजरनेम यांची कोडमध्ये कडक तुलना करा. पीएचपी आणि जावास्क्रिप्टमध्ये तीन वेळा बरोबरचं चिन्ह, पायथनमध्ये दोन वेळा. जुळलं तरच पासवर्डकडे जा.

या रीतीत टेबलला हात लागत नाही, इंडेक्स वापरला जातो आणि एक छुपी अडचणही निघून जाते. मायएसक्यूएलची जुनी कोलेशन्स तुलना करताना शेवटच्या स्पेस मोजत नाहीत. 'यूटीएफ८एमबी४_बिन' हेसुद्धा त्यांतलंच. म्हणजे बिन लावूनही नाव आणि नावापुढे एक स्पेस हे सारखंच ठरतं. नावात '०९००' असलेली कोलेशन्स मात्र ती स्पेस मोजतात. कोडमधली कडक तुलना हा फरक नेहमीच पकडते. तरी फोनचा कळफलक सुचवलेल्या शब्दापुढे स्पेस टाकतो, त्यामुळे युजरनेम, आणि फक्त युजरनेमच, तुलनेआधी ट्रिम करून घ्या.

तुलना एसक्यूएलमध्येच हवी असेल, समजा तीच क्वेरी तीन वेगवेगळे प्रोग्रॅम वापरत असतील, तर दोन अटी जोडून लिहा : युजरनेम बरोबर प्रश्नचिन्ह, अँड युजरनेम कोलेट यूटीएफ८एमबी४_०९००_बिन बरोबर प्रश्नचिन्ह. पहिल्या अटीमुळे इंडेक्समधून एकच ओळ निघते, दुसरी ती चाळते. नुसती दुसरी अट लिहिली तर उत्तर बरोबर येईल, पण कॉलमचं कोलेशन क्वेरीत बदलल्यामुळे इंडेक्स निरुपयोगी होतो आणि प्रत्येक लॉगिनला अख्खं टेबल वाचलं जातं. शंभर सदस्यांच्या साइटवर हे कळणारही नाही, लाखभर झाल्यावर कळेल. क्वेरीच्या आधी 'एक्सप्लेन' लावून बघा. 'टाइप'खाली 'ऑल' दिसलं तर टेबल पूर्ण वाचलं जातंय. जुन्या मार्गदर्शकांत 'बायनरी' हा ऑपरेटर कॉलमच्या आधी लिहायला सांगतात. त्यातही हाच तोटा आहे, आणि तो ऑपरेटर ८.०.२७ पासून कालबाह्य ठरवला आहे.

बरोबरच्या चिन्हाऐवजी 'लाइक' हा शब्द वापरून लॉगिन तपासू नका. लाइकसुद्धा कोलेशनच पाळतो, त्यामुळे केसचा प्रश्न तसाच राहतो. वर टक्क्याचं चिन्ह आणि अंडरस्कोर हे त्याच्यासाठी 'काहीही चालेल' असा अर्थ घेऊन येतात, आणि अंडरस्कोर तर युजरनेममध्ये सर्रास असतो.

कॉलमच बदलायचा असेल तर

कॉलमचं कोलेशन बदलणं हा पक्का उपाय, पण घाईने करण्यासारखा नाही. आधी बॅकअप. मग 'शो क्रिएट टेबल युजर्स' देऊन युजरनेम कॉलमची सध्याची पूर्ण व्याख्या कॉपी करून ठेवा. आता आज्ञा : ऑल्टर टेबल युजर्स मॉडिफाय युजरनेम व्हारकॅर ६४ कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४ कोलेट यूटीएफ८एमबी४_०९००_एएस_सीएस नॉट नल. ६४ च्या जागी तुमची खरी लांबी येईल. ती कंसात लिहायची असते.

'मॉडिफाय' कॉलमची व्याख्या नव्याने लिहितो. तुम्ही 'नॉट नल', 'डिफॉल्ट' किंवा 'कॉमेंट' लिहायचं विसरलात, तर ते निघून जातं आणि चूक म्हणून काही दाखवलंही जात नाही. कॉपी करून ठेवलेली व्याख्या इथे समोर ठेवा.

नुसतं 'ऑल्टर टेबल युजर्स कोलेट अमुक' दिलं, तर टेबलचं डिफॉल्ट बदलतं, आधीचे कॉलम आहेत तसेच राहतात. 'बदललं तरी काही फरक पडला नाही' याचं हेच नेहमीचं कारण. 'कन्व्हर्ट टू' दिलं तर सगळे मजकुराचे कॉलम बदलतात, नाव-पत्ता-शहरासकट. मग शोधातही केस लागू होते आणि 'पुणे' स्मॉल पी ने शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही. त्यामुळे हवा तो एकच कॉलम बदला.

युजरनेम दुसऱ्या टेबलातून फॉरिन की (दोन टेबलांना बांधणारा दुवा) म्हणून वापरलं असेल, तर दोन्हीकडचं कोलेशन सारखं हवं. नसेल तर मायएसक्यूएल बदल नाकारतो. फॉरिन की नसेल पण जॉइन (दोन टेबलं जोडून वाचणारी क्वेरी) असेल, तर 'इललीगल मिक्स ऑफ कोलेशन्स', क्रमांक १२६७, ही चूक येते, तीही नेमकी एखाद्या क्वचित उघडल्या जाणाऱ्या रिपोर्टमध्ये. सगळ्या जॉइनची यादी आधी काढा.

कॉलम सीएस झाला, की युनिक इंडेक्सही कडक होतो. म्हणजे 'अ‍ॅडमिन'चे दोन अवतार नोंदवता येतील. ते अडवायला मायएसक्यूएल ८.०.१३ पासून फंक्शनवर इंडेक्स करता येतो : क्रिएट युनिक इंडेक्स, मग नाव, ऑन युजर्स, आणि दुहेरी कंसात लोअर युजरनेम. त्यात दुहेरी कंस विसरला तर सिंटॅक्सची चूक येते. कॉलम 'व्हारबायनरी' (अक्षरांऐवजी नुसते बाइट साठवणारा) प्रकारचा केला असेल तर 'लोअर' काहीच करत नाही, मजकूर जसाच्या तसा परत देतो. हे एक कारणही व्हारबायनरी टाळायला पुरेसं आहे.

हा इंडेक्स घालण्याआधी आधीच शिरलेल्या जोड्या शोधा : सिलेक्ट लोअर युजरनेम, काउंट स्टार, फ्रॉम युजर्स, ग्रुप बाय लोअर युजरनेम, हॅविंग काउंट स्टार एकाहून जास्त. जोड्या सापडल्या तर आपोआप एकत्र करू नका. त्या खरोखर दोन वेगवेगळ्या माणसांच्या असू शकतात. ज्याचं खातं नंतर उघडलं त्याला कळवून नाव बदलायला लावा.

इतर डेटाबेस

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये परिस्थिती उलट आहे. तिथे तुलना मुळातच केस-सेन्सिटिव्ह असते. त्यामुळे लॉगिनचं काम आपोआप होतं, पण दोन 'अ‍ॅडमिन' नोंदवले जाण्याचा धोका पहिल्या दिवसापासून असतो. उपाय एका ओळीचा : क्रिएट युनिक इंडेक्स ऑन युजर्स, कंसात लोअर युजरनेम. लॉगिन सैल ठेवायचं असेल तर क्वेरीतही दोन्ही बाजूंना 'लोअर' लावा, हाच इंडेक्स वापरला जाईल. जँगो हे पायथनचं वेब फ्रेमवर्क वापरणाऱ्यांना ४.० पासून हेच मॉडेलमध्ये युनिक कन्स्ट्रेंट आणि लोअर वापरून लिहिता येतं.

एसक्यूएल सर्व्हर अमेरिकन इंग्रजी सेटिंगवर बसवला, की त्याचं कोलेशनही सीआय असतं. तिथेही वरची दोन अटींची रीत चालते, दुसऱ्या अटीत 'लॅटिन१_जनरल_सीएस_एएस' लिहा. कॉलमच बदलायचा तर त्यावरचे इंडेक्स आणि कन्स्ट्रेंट आधी काढावे लागतात आणि नंतर परत घालावे लागतात. शेवटची स्पेस तिथेही बरोबरच्या चिन्हाला दिसत नाही.

एसक्यूलाइट केस पाळतो, पण त्याचा लाइक पाळत नाही. जुन्या अ‍ॅक्सेस डेटाबेसवर चालणाऱ्या एएसपी साइटवर बरोबरचं चिन्ह केस बघत नाही. तिथे 'स्ट्रकॉम्प' फंक्शनला तिसरा आकडा ० द्या. उत्तर ० आलं तर दोन्ही तंतोतंत सारखे.

ईमेलने लॉगिन असेल तर

ईमेल पत्त्यातला अ‍ॅटच्या चिन्हाआधीचा भाग नियमाप्रमाणे केस-सेन्सिटिव्ह धरायचा असतो, पण केसच्या जोरावर दोन वेगळ्या पेट्या चालवू नयेत असंही तोच नियम, आरएफसी ५३२१, सांगतो. व्यवहारात कुणी आपला पत्ता कधी कॅपिटलने लिहितो, कधी स्मॉलने. म्हणून ईमेलवर कडक तुलना लावू नका. पत्ता जसा दिला तसा साठवा, पत्र पाठवताना तोच वापरा, शोधताना आणि वेगळेपण तपासताना सैल नियम लावा.

देवनागरी युजरनेम

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही, त्यामुळे इथे केसचा प्रश्नच येत नाही. पण एकसारखं दिसणारं अक्षर दोन प्रकारे टाइप होण्याचा प्रश्न आहे, आणि तो मराठीत चांगलाच बोचतो. 'तऱ्हा'मधला अर्धा र एका कळफलकावरून 'ऱ' आणि हलन्त असा येतो, तर दुसऱ्यावरून साधा 'र', हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह असा. 'ॲ' हे एक स्वतंत्र चिन्ह आहे, आणि 'अ'वर अर्धचंद्र देऊनही तेच दिसतं. डोळ्यांना एक, डेटाबेसला दोन. युनिकोडचं एनएफसी (सुटी चिन्हं जोडून केलेलं प्रमाण) रूप करून घेतलं, तर 'र'खाली नुक्ता देऊन लिहिलेला 'ऱ' खऱ्या 'ऱ'शी जुळतो, पण वरची दोन्ही उदाहरणं त्याने सुटत नाहीत. ती तुमच्या कोडमध्ये हाताने एकरूप करावी लागतात. लॉगिनचं नाव इंग्रजी अक्षरं, आकडे, टिंब आणि अंडरस्कोर यांपुरतं ठेवणं आणि पानावर दिसणाऱ्या नावाचा वेगळा कॉलम देवनागरीसाठी मोकळा सोडणं, हा आमच्या मते सर्वात सुरक्षित मार्ग आहे.

हा धोका पुस्तकी नाही. २०१३ मध्ये स्पॉटिफायवर अशाच एकरूप करण्याच्या फंक्शनमधल्या दोषातून दुसऱ्याचं खातं ताब्यात घेता येत होतं. विशेष युनिकोड अक्षरांत लिहिलेलं नाव ते फंक्शन एकदा चालवलं की कॅपिटल अक्षरांत येई आणि पुन्हा चालवलं की स्मॉल. असं फंक्शन लिहिलंत तर त्याचं उत्तर त्यालाच परत देऊन बघा. दुसऱ्यांदा काहीही बदलता कामा नये.

चालू साइटवर बदल करताना

कडक नियम लागू होताच काही जुने सदस्य बाहेर अडकतात. नोंदणीच्या वेळी फोनने पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल केलेलं असतं आणि ते त्यांच्या लक्षातही नसतं. म्हणून आधी दोन-तीन आठवडे फक्त मोजणी करा. कडक तुलना चालवा, नाव जुळलं नाही तर लॉगमध्ये सदस्याचा आयडी लिहा, पण लॉगिन होऊ द्या. लॉगमध्ये टाकलेला मजकूर लिहू नका, लोक चुकून युजरनेमच्या चौकटीत पासवर्ड टाकतात. मोजणीत सापडलेल्या सदस्यांना त्यांचं नेमकं युजरनेम ईमेलने कळवा आणि मगच अडवायला सुरुवात करा. साध्या मजकुरातले पासवर्ड हॅश करतानाही हाच प्रकार होतो. वर्षानुवर्षं स्मॉलमध्ये टाकून चाललेला पासवर्ड एकदम चालेनासा होतो, त्यामुळे रिसेटची लिंक आधी तपासून ठेवा.

फॉर्ममध्ये युजरनेमच्या इनपुटला 'ऑटोकॅपिटलाइज' हा गुणधर्म 'नन' असा द्या, नोंदणीच्या आणि लॉगिनच्या दोन्ही पानांवर. त्याने बऱ्याच तक्रारी उगवण्याआधीच थांबतात. पासवर्डच्या चौकटीजवळ कॅप्स लॉक चालू असल्याची सूचना दाखवायला जावास्क्रिप्टचं 'गेटमॉडिफायरस्टेट' पुरतं. चुकल्यावरचा संदेश मात्र एकच ठेवा, 'युजरनेम किंवा पासवर्ड चुकला'. 'कॅपिटल अक्षर तपासा' असं फक्त युजरनेम सापडल्यावर दाखवलं, तर ते नाव अस्तित्वात आहे हे बाहेरच्याला कळतं.

आणि चुकीचे प्रयत्न मोजणारा काउंटर तपासा. तो बहुधा रेडिस या वेगळ्या, झटपट साठवणुकीच्या डेटाबेसमध्ये, टाकलेल्या युजरनेमच्या नावाने असतो, आणि रेडिस केस पाळतो. लॉगिन सैल असेल तर 'अ‍ॅडमिन'ची इंग्रजी ५ अक्षरं कॅपिटल-स्मॉल करून ३२ प्रकारे लिहिता येतात आणि प्रत्येकाला वेगळा काउंटर मिळतो. ५ प्रयत्नांची मर्यादा प्रत्यक्षात १६० ची होते. काउंटरची चावी स्मॉल अक्षरांत बदलून घ्या, किंवा ओळ सापडल्यावर सदस्याच्या आयडीवर मोजा.